कॉर्कच्या फरशीला कोणता कोट द्यावा? नागपूरच्या घरासाठी पायरीपायरीने

आमच्या घरात कॉर्क आला तो आईच्या गुडघ्यांमुळे. व्हिट्रिफाइड टाइल्सवर सकाळी पहिला पाय टेकवला की तिला कळ यायची, आणि जानेवारीत तर ती फरशी बर्फासारखी गार पडायची. म्हणून तिच्या खोलीत आणि शेजारच्या अभ्यासाच्या खोलीत आम्ही कॉर्कच्या टाइल्स चिकटवून घेतल्या. टाइल्स निवडायला तीन आठवडे घेतले. त्यांच्यावर काय लावायचं हे मात्र पॉलिशवाले भाऊ डबा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा दहा मिनिटांत ठरलं. महिना मे, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. त्यांनी फर्निचरला मारतात तेच मेलामाइन मारलं. त्या दिवशी खोली आरशासारखी चमकली. दिवाळीपर्यंत पलंगाशेजारी, आई रोज जिथे पाय टेकवते नेमक्या त्या जागी, केसासारख्या बारीक चिरा पडल्या. चिरांत मळ बसला आणि काळं जाळं दिसू लागलं.

तो सगळा थर घासून काढून नवा द्यावा लागला. त्या खटाटोपात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते: कोट निवडताना तो पहिल्या दिवशी कसा दिसेल हे शेवटी बघा. आधी हे विचारा की पाच-सात वर्षांनी तो झिजेल तेव्हा त्याच्यावर पुन्हा हात मारता येईल का, आणि तो कोण मारेल. कोट झिजणार हे ठरलेलंच आहे. फरशीऐवजी त्याने झिजावं म्हणूनच तो लावायचा असतो.

बूच आणि त्याच्यावरचा थर

कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, ज्याची लांब देठाची पांढरी सुवासिक फुलं सकाळी रस्त्यावर सांडलेली असतात, त्याचा या फरशीशी संबंध नाही. फरशीचा कॉर्क येतो तो पोर्तुगाल, स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या काठावरच्या एका ओकच्या झाडापासून. झाड तोडत नाहीत, फक्त साल सोलून घेतात आणि पुन्हा वाढू देतात. पोर्तुगालमध्ये दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षं जाऊ द्यावी लागतात.

ही साल म्हणजे हवेने भरलेले असंख्य चिमुकले बंद कप्पे. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचाच काप ठेवून हे कप्पे जगाला दाखवले आणि त्यांना ‘सेल’ हे नाव दिलं. शाळेत शिकलेल्या पेशीचं इंग्रजी नाव तिथून आलं. कप्प्यांच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, म्हणून बूच स्वतः पाणी पटकन पीत नाही. मग कोट कशाला? कारण टाइल म्हणजे अखंड साल नसते. सालीचा भुगा करून, तो डिंकासारख्या बाइंडरने दाबून टाइल बनवलेली असते. दाण्यादाण्यांमध्ये फटी असतात, दोन टाइल्समध्ये सांधे असतात. पाणी, तेल आणि मळ शिरतो तो तिथून.

दुसरी गोष्ट त्या कप्प्यांमुळेच येते. पाय पडला की कॉर्क दबतो आणि पाय उचलला की परत वर येतो. गुडघ्यांना आराम मिळतो तो यामुळे. तेव्हा वरचा थरही त्याच्याबरोबर वाकणारा हवा. आमचं मेलामाइन कडक होतं, खालचा कॉर्क मऊ. रोजच्या दाबाखाली ते तडकलं. माल खराब नव्हता, जागा चुकली होती.

पहिली पायरी: तुमची फरशी कोणत्या जातीची?

घरात तीनपैकी एक प्रकार असेल.

चिकटवलेल्या टाइल्स ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या, आरपार कॉर्कच्या असतात. त्या कच्च्या, म्हणजे काही न लावलेल्याही मिळतात किंवा कारखान्यातून थोडा कोट घेऊन येतात. कच्च्या टाइल्सचा मोठा फायदा म्हणजे बसवल्यावर जागेवरच कोट दिला की सांधेही त्याखाली बंद होतात. ज्यांना अजून निवड करायची आहे त्यांना मी याच सुचवेन.

दुसरा प्रकार क्लिकच्या पट्ट्यांचा. वर कॉर्कचा पातळ थर, मधे दाबलेल्या लाकूडभुशाचा एचडीएफ बोर्ड, खाली पुन्हा कॉर्क. या पट्ट्या जमिनीला चिकटवत नाहीत, एकमेकींत अडकवतात. त्यांच्यावर बहुधा कारखान्यातलाच टणक कोट असतो. हवामानाबरोबर त्या थोड्या सरकतात, म्हणून भिंतीलगत सेंटिमीटरभर जागा सोडतात. मधला बोर्ड हा त्यांचा दुबळा भाग: सांध्यातून पाणी गेलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. अशी फरशी नवी असेल तर तिच्यावर घरी काही लावायच्या भानगडीत पडू नका. झिजल्यावरही आधी उत्पादकाची सूचना वाचा, कारण सरकणाऱ्या सांध्यावरून ओढलेला अखंड थर सांध्याच्या रेषेत फाटू शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे वर विनाइलचा पडदा असलेला किंवा छापील नक्षीचा कॉर्क. छापील नक्षी घासली की गेली. विनाइलवाल्याला कोटाची गरजच नसते.

दुसरी पायरी: आधी काय लावलं आहे ते ओळखा

फरशी जुनी असेल तर ही पायरी अजिबात गाळू नका. मेणावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर, धरत नाही. मग डबा कितीही महागाचा असो, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात.

कपाटाखालची किंवा दारामागची जागा निवडा आणि स्वच्छ पुसा. पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर वर थर शाबूत आहे. जागा गडद झाली तर कॉर्क कच्चा आहे, किंवा तेल लावलेलं होतं ते संपलं आहे.

मग नख किंवा बोथट सुरी हळूच ओढा. नखाखाली मऊ, वळलेला, साबणासारखा पदार्थ आला तर ते मेण. पक्कं करायचं असेल तर पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन चोळा. फडकं पिवळसर-तपकिरी आणि चिकट झालं की शंका उरत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात पॉलिशचं स्पिरिट लावून बघा. जागा चिकट, मऊ झाली तर वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे.

मेण निघालं तर दोनच प्रामाणिक रस्ते आहेत. एक तर मेणच चालू ठेवायचं. नाहीतर टर्पेंटाइनने पुन्हा पुन्हा, दर वेळी नवं फडकं घेऊन ते काढायचं आणि मग घासायचं. आधी घासलंत तर मेण कागदाबरोबर आणखी खोल जातं.

तिसरी पायरी: ओल खालून येते का?

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर बघावं. नागपूरची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, आणि जुन्या घरांत जोत्याची ओल भिंतीत दोन फूट चढलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कॉर्क बसवायच्या आधी दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. उचलल्यावर आत दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट झालं असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त. वरून दिलेला कोट खालची ओल थांबवत नाही. उलट ती अडकवतो, मग थर पांढुरका होतो आणि सुटतो. चाचणी ऑगस्टमध्ये केलीत तर उत्तम. मे महिन्यातला कोरडा निकाल फसवा असतो.

चौथी पायरी: पर्याय, आणि पॉलिशवाल्याशी बोलणी

लकडगंजला किंवा इतवारीत फर्निचरच्या पॉलिशचं सामान सहज मिळतं. अडचण हीच आहे. कारागीर जे रोज वापरतात तेच सुचवतात, आणि ते असतं दरवाजे-कपाटांचं. त्यांचा हात चांगला असतो, फक्त माल बदलून द्यावा लागतो.

चपड्याचं स्पिरिट पॉलिश पाणी सांडलं की पांढरं पडतं, उष्णतेने मऊ होतं. फरशीला नको. मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दोन्ही ठिसूळ. मेलामाइनच्या वासात फॉर्मलडिहाइडही असतं. म्हाताऱ्या माणसांच्या किंवा बाळाच्या खोलीत तर नकोच.

“ताई, हे पीयू आहे, फरशीलाही चालतं,” असं ऐकायला मिळेल. फर्निचरचं पीयू बहुधा थिनर घालून गनने फवारायचं असतं. त्याचा थर फर्निचरच्या गरजेपुरता असतो, त्याच्यावरून रोज माणसं चालत नाहीत. शिवाय टाइल्स ज्या रबरी चिकटद्रव्याने बसवल्या असतील ते तीव्र थिनरने मऊ पडू शकतं. म्हणून डब्यावर ‘फ्लोअर’ किंवा ‘पार्के’ (लाकडी पट्ट्यांची फरशी) हा शब्द हवा, आणि माहितीपत्रकात कॉर्कचा उल्लेख असेल तर सोन्याहून पिवळं. दुकानात तयार नसेल तर मागवून घ्या. चार दिवस थांबण्याने काही बिघडत नाही.

आता कामाचे पर्याय.

वॉटर-बेस्ड पीयू. नागपूरच्या बहुतेक घरांना माझा सल्ला हाच. डब्यात दुधासारखं दिसतं, सुकल्यावर पारदर्शक होतं. वास कमी, पिवळं पडत नाही, दोन-तीन तासांत पुढचा हात मारता येतो, आणि थर वाकणारा असतो. यात एका डब्याचं आणि हार्डनर, म्हणजे थर टणक करणारं द्रव्य, घालायचं दोन डब्यांचं असे प्रकार आहेत. हार्डनरवालं झिजेला आणि डागांना जास्त टिकतं. ज्या घरात रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते, मुलं-बाळं आहेत, येणंजाणं आहे, तिथे तेच घ्या. पण हार्डनरमधली रसायनं त्वचेला आणि फुफ्फुसांना त्रास देणारी असतात, तेव्हा हातमोजे आणि चांगलं मास्क लागतंच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्यांना आठवडाभर दुसरीकडे पाठवा. एकदा हार्डनर मिसळला की माल दोन-चार तासांत वापरून संपवावा लागतो, उकाड्यात त्याहून लवकर. उरलेला दुसऱ्या दिवशी चालत नाही.

सॉल्व्हंट-बेस्ड पीयू दणकट असतं आणि कॉर्कला मधासारखी छटा देतं. ती छटा वर्षागणिक गडद होत जाते. काहींना ती आवडते. पण एकेका हातामध्ये दिवस-दिवस थांबावं लागतं, वास कित्येक दिवस घरात राहतो, आणि लावताना वाफा पेट घेऊ शकतात. देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती, सगळं बंद. राहत्या फ्लॅटमध्ये मी हे करणार नाही.

हार्डवॅक्स ऑइल म्हणजे जवस, सूर्यफूल यांसारखी सुकणारी तेलं आणि कार्नोबासारखं टणक वनस्पती-मेण यांचं मिश्रण. हे वर जाड पापुद्रा बनवत नाही, कॉर्कमध्ये मुरतं. पायाला फरशी कॉर्कसारखीच लागते, दिसायलाही फार सुंदर. मोठा गुण असा की एका जागी झिजलं तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. पीयूला ठिगळ दिलं तर ते दिसतं. उणं असं की सांडलेलं पाणी लगेच पुसावं लागतं, आणि हळदीचं तेल तर लगेचच. आमच्या अभ्यासाच्या खोलीत आता हेच आहे, कारण तिथे फडकं माझ्याच हातात असतं.

याच्या बाबतीत एक गोष्ट अगदी गांभीर्याने घ्या. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. सुकणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या कापडात ती कोंडते. काम संपताच फडकी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, किंवा गच्चीवर एकेक मोकळी पसरून पूर्ण कडक होऊ द्या. कचऱ्याच्या पिशवीत ओली टाकू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही.

आणि कच्चं जवसाचं तेल? जवस आपल्या विदर्भाचं पीक, चटणीला उत्तम, म्हणून कुणी ना कुणी सुचवतंच. ते सुकायला फार दिवस घेतं, तोवर चिकट राहतं, मार्च-एप्रिलची सगळी धूळ ओढून घेतं आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येऊ शकते. फरशीला लावू नका. नुसत्या मेणाचंही तसंच: उन्हाळ्यात मऊ, पाण्याने पांढरे डाग, घसरडं, आणि नंतर पीयूचा रस्ता बंद.

पाचवी पायरी: चमक किती?

मॅट किंवा फार तर सॅटिन. चकचकीत थरावर प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि त्या चमकेने म्हाताऱ्या माणसांना जमीन ओली आहे की कोरडी हे कळत नाही. मॅट करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून लावण्याआधी लाकडी पट्टीने तळापासून हळूहळू ढवळा. डबा हलवून घुसळू नका, बुडबुडे होतात आणि ते फरशीवर तसेच सुकतात.

सहावी पायरी: महिना निवडा

आमची चूक जितकी मेलामाइनची होती तितकीच मे महिन्याची. नागपुरात तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी. वॉटर-बेस्ड थर पसरायच्या आधीच सुकतो, रोलरचे पट्टे आणि बुडबुडे राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: हवेत इतका दमटपणा की थर सुकता सुकत नाही, तेलाचा तर चिकटच राहतो.

मधला एक काळ नागपूरच्या बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे कूलरचा. एप्रिलपासून जूनपर्यंत बाहेर रखरखाट असतो, पण वाळ्याच्या टाट्या लावलेल्या कूलरच्या खोलीत हवा पावसाळ्यासारखी दमट होते. म्हणजे कूलरच्या खोलीतली फरशी पावसाच्या दोन महिने आधीच फुगायला लागते. अशा वेळी कोट देऊ नका.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. खोलीत १८ ते २८ अंश तापमान हवं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फार गार असतात, तेव्हा सकाळी दहाला सुरू करून तीनपर्यंत हात आटोपा. कॉर्क नुकताच आणला असेल तर खोकी उघडून दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवा, मग बसवा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष काम

माल किती लागेल? पीयूचा एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. कच्च्या कॉर्कला चार हात धरा आणि पहिला हात जास्त पितो हे लक्षात घेऊन पाच लिटर आणा. शाबूत जुन्या पीयूवर एक-दोन हात पुरतात, म्हणजे दोन-अडीच लिटर. हार्डवॅक्स ऑइल बरंच कमी लागतं, कारण ते अगदी पातळ, दोनच हात लावायचं असतं. जाड लावलं तर आठवडाभर चिकटतं.

खोली पूर्ण रिकामी करा. जुना पीयू असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडे फक्त चमक मरेपर्यंत घासा. कच्च्या कॉर्कवर त्याहून हलका हात. मोझॅक घासायचं किंवा लाकडाचं मोठं मशीन कॉर्कवर आणू देऊ नका, एका फेरीत खड्डे पडतात. स्टीलची लोकरही नको; तिचे तुकडे राहिले तर वॉटर-बेस्ड थराखाली गंजून तपकिरी ठिपके उमटतात. मग व्हॅक्यूम, मग पिळून घेतलेलं मायक्रोफायबर, आणि पूर्ण सुकू देणं.

सगळी फरशी रंगवायच्या आधी दारामागच्या एक फुटावर नमुना करा. दोन-तीन दिवसांनी ब्लेडने त्यावर बारीक चौकट्या ओढा, सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पापुद्रे आले तर पकड नाही. थांबा, आणखी घासा किंवा त्या कंपनीचं प्रायमर विचारा. कारखान्यातल्या टणक कोटावर हे हमखास बघावं लागतं.

लावताना पंखा आणि कूलर बंद. कडा ब्रशने, मधला भाग आखूड लवेच्या रोलरने, खिडकीपासून दाराकडे मागे सरत. ओली कड सुकू देऊ नका, त्यासाठी दोन माणसं असली तर बरं: एक कडा करेल, दुसरा रोलर फिरवेल. पहिला हात पातळच, कारण कच्च्या कॉर्कवर पाण्याचा भार झाला तर टाइलच्या कडा उचलू शकतात. अर्ध्या तासाने थर सपाट बसला की खिडकी थोडी उघडा. दुसऱ्या हातानंतर २२० ने हलकंसं घासून, धूळ पुसून तिसरा, आणि कच्च्या कॉर्कवर मग चौथा. दाराखालच्या पट्टीत आणि येण्याजाण्याच्या वाटेवर एक हात जास्त द्या. सगळ्यात आधी झिजतं ते तिथेच.

पहिला महिना

हाताला सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. २४ तासांनी मोजे घालून चाला. तीन-चार दिवसांनी सामान उचलून ठेवा, ओढू नका. पुसणं आठवड्यानंतर, तेही पिळलेल्या फडक्याने. सतरंजी किंवा गालिचा किमान दोन आठवडे नको, कारण थर अजून श्वास घेत असतो आणि गालिच्याची चौकट उमटते. रबरी पाठीची पायपुसणी कधीच ठेवू नका; रबरातली द्रव्यं थरात उतरतात आणि तो पिवळा डाग निघत नाही.

रोजचं जगणं

बादलीभर पाणी आणि फिनाईल ही आपली सवय आहे, आणि कॉर्कला तीच सगळ्यात जास्त घातक. कामाच्या मावशींना नुसतं “कमी पाणी वापरा” सांगून भागत नाही. पहिल्या दिवशी शेजारी बसून दाखवा: मायक्रोफायबर असं पिळायचं की थेंब पडू नये, साबण सौम्य आणि चमचाभर, टाइल्सवरचे डाग काढायचं ॲसिड या खोलीच्या उंबरठ्याच्या आत आणायचं नाही. आमच्या मावशींनी त्या खोल्यांसाठी वेगळं फडकं आणि वेगळी बादली ठेवायची युक्ती स्वतःच काढली, आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटली.

पाण्याइतकंच वाईट म्हणजे बारीक खडे. आपल्याकडची एप्रिलची वावटळ खिडकीच्या फटीतून आणते ती धूळ म्हणजे थरावर रोज फिरणारा पॉलिश पेपरच. रोज मऊ झाडू फिरवा, दाराच्या आत-बाहेर पायपुसणं ठेवा. रांगोळीची पूडही दगडाचीच असते आणि रंग वेगळा उतरतो. महालक्ष्म्यांना त्या खोलीत मांडायचं असेल तर रांगोळी पाटावर किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर काढा, समईखाली ताट ठेवा.

हळद सांडली तर आधी कोरड्या कागदाने टिपा, मग ओलं फडकं. पीयूवर हलका पिवळा डाग राहिलाच तर घाबरू नका, उजेडाने तो फिका होत जातो. उजेड खुद्द कॉर्कचा रंगही बदलतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवा. आणि कूलर खोलीच्या आत ठेवत असाल तर त्याच्या लोखंडी स्टँडखाली कडा असलेला ट्रे ठेवा. टाकी भरताना सांडलेलं पाणी आणि पायांचा गंज, दोन्ही तिथेच अडतं. पलंग-खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा.

दर वर्षीची तपासणी

दिवाळीची साफसफाई झाली की पाण्याचे तेच दोन थेंब दारापाशी, पलंगाशेजारी, टेबलाच्या खुर्चीखाली टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब उभे असतील पण जागा निस्तेज दिसत असेल, तर हीच नव्या हाताची वेळ. २२० ने हलकं घासून एक-दोन हात, दोन दिवसांचं काम. थेंबाखाली कॉर्क गडद झाला तर थर तिथे संपला आहे. मळ दाण्यांमध्ये उतरायला लागला असेल, आणि उतरलेला मळ घासून पूर्ण निघत नाही. अशी जागा सापडली तर त्या हिवाळ्यातच काम करून घ्या, पुढच्या कूलरची वाट बघू नका.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करायचं आहे. डब्यावरचं नाव, वॉटर-बेस्ड की तेल, मॅट की सॅटिन, किती हात दिले आणि तारीख, एवढं एका कागदावर लिहून त्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि दोन कोऱ्या टाइल्स त्याच कपाटात जपून ठेवा. सहा वर्षांनी जो कुणी रोलर घेऊन येईल, त्याला टर्पेंटाइनचं फडकं घेऊन कोपऱ्यात बसावं लागणार नाही.